एकट्यादुकट्याचे काम नव्हे

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला, लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर कोल्ड स्प्रिंग हार्बर ही जीवशास्त्राची जुनी प्रयोगशाळा आहे. १९४८ साली तिथे आल्बर्ट केल्नर हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एका आकड्याने हैराण झाले होते. स्ट्रेप्टोमायसिनने क्षयरोगावर नुकताच इलाज मिळवून दिला होता. तसलेच आणखी एखादे औषध बनवणारा सूक्ष्मजीव हाती लागावा म्हणून केल्नर ‘स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस’च्या बीजाणूंवर अतिनील किरणांचा मारा करत. बहुतेक बीजाणू मरत, थोडे वाचत, आणि वाचलेल्यांत एखादा नवा गुण घेऊन उभा राहील अशी आशा असे. पण वाचणाऱ्यांची संख्या काही केल्या जुळेना. मारा तोच, वेळ तीच, वाणही तोच. तरी आज एक आकडा, तर उद्या भलताच.

केल्नरना संशय होता तापमानाचा. किरण सोसलेले बीजाणू थोडा वेळ उबेत ठेवले तर सावरत असतील, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी पारदर्शक बाटल्या काचेच्या जलपात्रात टांगल्या आणि ते पात्र खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले. सगळ्या बाटल्यांचे तापमान एकच होते, तरी एकीतले बीजाणू मोठ्या संख्येने जगत आणि शेजारच्या बाटलीतले मरत. एकेक कारण तपासून बाद करत गेल्यावर शेवटी एकच गोष्ट उरली, जिच्याकडे कुणी लक्षच दिले नव्हते: काही बाटल्यांवर खिडकीतला उजेड जास्त पडत होता. अंधारात ठेवलेल्या बीजाणूंशी तुलना केली तेव्हा उजेडातल्यांचे जगण्याचे प्रमाण लाखपटीच्या घरात निघाले.

त्याच सुमारास इंडियाना विद्यापीठात, साल्वाडोर लुरिया यांच्या प्रयोगशाळेत, रेनातो दुल्बेको जिवाणूभक्षी विषाणूंवर काम करत होते. अतिनील किरणांनी निकामी झालेले विषाणू आणि त्यांचे भक्ष्य असलेले जिवाणू एकत्र पसरलेल्या काही बशा ट्यूबलाइटखाली टेबलावर तशाच राहिल्या. अंधारात उबवलेल्या बशांपेक्षा त्यांत कितीतरी जास्त विषाणू पुन्हा कामाला लागलेले दिसले. दोघांचेही निष्कर्ष १९४९ मध्ये छापून आले. किरणांनी झालेली इजा कायमची नसते, साध्या उजेडात ती भरून निघते, हे त्या वर्षी पक्के झाले.

इजा नेमकी कशाला होते आणि ती कोण भरून काढते, याचे उत्तर मिळायला आणखी दहाएक वर्षे गेली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात क्लॉड रुपर्ट, सोल गुडगल आणि रॉजर हेरियट यांनी एक नेटका प्रयोग रचला. ‘हिमोफिलस’ नावाच्या जिवाणूचा शुद्ध डीएनए घ्यायचा. हा डीएनए दुसऱ्या जिवाणूत शिरून त्याला नवा गुण देऊ शकतो. अतिनील किरण सोडले की त्याची ही ताकद जाते. मग त्यात ई. कोलाय जिवाणूंचा अर्क मिसळायचा. नुसत्या अर्काने काही होत नाही, नुसत्या उजेडानेही नाही. दोन्ही एकदम दिले की डीएनए पुन्हा गुण देऊ लागतो. म्हणजे इजा डीएनएलाच होत होती, आणि अर्कातले कुठले तरी प्रथिन उजेडाच्या बळावर ती काढत होते. या प्रथिनाला पुढे फोटोलायेज म्हणू लागले. इजा कसली हेही १९६० मध्ये नेदरलँड्समधल्या बॉइकर्स आणि बेरेन्ड्स यांच्या कामातून समजले: अतिनील किरण पडले की डीएनएच्या साखळीतले शेजारशेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात. ही गाठ पडली की डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा तिथे अडते.

फोटोलायेज हे एकांडे प्रथिन. ते गाठीवर बसते, उजेडाचा कण पकडते, गाठ सोडते आणि निघून जाते. दुरुस्तीचा शोध त्याच्यापासून सुरू झाला, म्हणून बराच काळ असे वाटत राहिले की एकेका बिघाडासाठी एकेक प्रथिन असेल आणि तेवढ्यावर भागत असेल. प्रत्यक्षात फोटोलायेज हा अपवाद आहे, आणि माणसाकडे तर ते नाहीच. वार असलेल्या सस्तन प्राण्यांच्या वंशातून ते केव्हाच गळून गेले. आपल्या पेशींत दुरुस्तीचे जवळजवळ प्रत्येक मोठे काम अनेक प्रथिने मिळून करतात, आणि त्यातले एक जरी गैरहजर राहिले तरी बाकीची जागच्या जागी अडून बसतात. हे समजायला पुढची साठ वर्षे लागली. ज्या रुग्णांच्या आणि ज्या जिवाणूंच्या पेशींत अशी एखादी जागा रिकामी होती, त्यांच्याकडूनच ते समजले.

१९५३ मध्ये दुहेरी साखळीची रचना सापडली तेव्हा या दिशेला कुणी पाहिले नव्हते. वंशाचा ठेवा ज्या रेणूत आहे तो रेणू मुळातच टिकाऊ असणार, असे गृहीत होते. दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांची शक्यता आपल्या नजरेतून पूर्ण निसटली, हे खुद्द फ्रान्सिस क्रिक यांनी १९७४ मध्ये मोकळेपणाने लिहिले आणि डोळे उघडल्याचे श्रेय रुपर्ट यांच्या कामाला दिले. रेणू किती नाजूक आहे हे त्याच दशकात स्टॉकहोममध्ये टोमास लिंडाल यांनी मोजून दाखवले. ऊन नाही, विष नाही, क्ष-किरण नाहीत; नुसते शरीराचे तापमान आणि भोवतीचे पाणी एवढ्यानेच माणसाच्या प्रत्येक पेशीतल्या डीएनएची दिवसाला सुमारे दहा हजार अक्षरे गळून पडतात. इतकी झीज होऊनही आपण जगतो, तर ती भरून काढणारे कुणीतरी असलेच पाहिजे, असा लिंडाल यांचा तर्क होता. त्या तर्कावर विसंबून त्यांनी शोध घेतला, आणि १९७४ मध्ये डीएनएतले चुकीचे अक्षर काढून टाकणारे पहिले प्रथिन त्यांना जिवाणूंत सापडले.

अंधारातली दुरुस्ती मात्र त्याच्या दहा वर्षे आधीच उघडकीला आली होती. रुथ हिल यांनी १९५८ मध्ये ई. कोलायचा एक कमजोर वाण वेगळा केला होता. अतिनील किरणांचा थोडासा मारा झाला तरी तो मरत असे. टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेत रिचर्ड सेटलो आणि विल्यम कॅरिअर यांनी हा कमजोर वाण आणि दणकट वाण दोन्ही घेतले, किरण सोडले आणि अंधारात ठेवून थायमिनच्या गाठी कुठे जातात ते पाहिले. दणकट जिवाणूंत गाठी डीएनएच्या लांब साखळीतून नाहीशा झाल्या आणि छोट्या तुकड्यांत सापडल्या. कमजोर वाणात त्या साखळीतच राहिल्या. जिवाणू गाठ सोडवत बसत नव्हता, तो गाठीसकट तेवढा तुकडाच कापून बाहेर टाकत होता. येल विद्यापीठात रिचर्ड बॉइस आणि पॉल हॉवर्ड-फ्लँडर्स यांना हेच दिसले, आणि स्टॅनफर्डमध्ये फिलिप हनावाल्ट आणि डेव्हिड पेटिजॉन यांना कापलेल्या जागी नव्याने भरलेली ठिगळे दिसली. तिन्ही कामांचा निर्णायक काळ १९६३-६४ चा.

डीएनए दुहेरी का असतो, याचे एक उत्तर इथे मिळते. एका साखळीतला तुकडा काढून टाकला तरी समोरच्या साखळीवरून काय लिहिले होते ते वाचता येते. नक्कल काढण्यासाठी दोन साखळ्या, हे सगळे शिकतात. दुरुस्तीसाठीही दोन लागतात, हे मात्र शाळेच्या पुस्तकात क्वचित येते.

हॉवर्ड-फ्लँडर्स यांच्या गटाने १९६६ पर्यंत आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि तीच पुढच्या कथेची किल्ली ठरली. कापण्याचे काम न करू शकणारे जिवाणू तीन प्रकारचे होते. तीन वेगवेगळी जनुके, ‘युव्हीआर-ए’, ‘युव्हीआर-बी’ आणि ‘युव्हीआर-सी’. कुठलेही एक बिघडले की परिणाम तोच: गाठ कापलीच जात नाही. एका कापाकापीला तीन प्रथिने कशाला?

या प्रश्नाला माणसाच्या बाजूने अचानक वजन आले. व्हिएन्नातले त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कपोसी यांनी १८७० च्या दशकात एका विलक्षण आजाराचे वर्णन केले होते. मूल जन्मताना ठीक असते. पहिल्यांदा उन्हात नेले की त्वचा भाजल्यासारखी होते. दोन-तीन वर्षांच्या वयात तोंडावर आणि हातांवर गडद ठिपके दाट उगवतात, त्वचा कोरडी आणि चुरचुरीत होते, डोळ्यांना उजेड सोसत नाही. आणि ज्या वयात शाळेची पाटी हातात यायची त्या वयात त्वचेचे कर्करोग सुरू होतात. ‘झिरोडर्मा पिग्मेंटोझम’ असे त्याचे नाव. जवळजवळ शंभर वर्षे या मुलांना उन्हापासून लपवण्यापलीकडे वैद्यकाच्या हातात काही नव्हते, आणि कारणही ठाऊक नव्हते.

सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स क्लीव्हर पेशींतली दुरुस्ती मोजत होते. या आजाराविषयीचा वर्तमानपत्रातला लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी रुग्णांच्या त्वचेच्या पेशी मागवल्या. त्यांची पद्धत डोळ्यांना दिसणारी होती. पेशींवर अतिनील किरण सोडायचे आणि त्यांना किरणोत्सर्गी थायमिडिन खायला द्यायचे. दुरुस्तीचे ठिगळ भरताना पेशी तेच थायमिडिन वापरते. मग वर छायाचित्राचे रसायन पसरून काही दिवस अंधारात ठेवायचे. जिथे ठिगळ, तिथे चांदीचा बारीक काळा कण उमटतो. निरोगी पेशींच्या केंद्रकांवर असे कण विखरून पडलेले दिसले. मुलांच्या पेशींची केंद्रके जवळपास स्वच्छ होती. १९६८ मध्ये हे ‘नेचर’मध्ये आले. दुरुस्ती न होणे आणि कर्करोग यांचा माणसातला संबंध इतक्या थेटपणे पहिल्यांदाच कुणी दाखवला होता.

त्यानंतरचा रॉटरडॅममधला प्रयोग मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. दिर्क बोट्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे या आजाराच्या निरनिराळ्या रुग्णांच्या पेशी होत्या. एका रुग्णाची पेशी दुरुस्ती करत नाही, दुसऱ्याचीही करत नाही. त्यांनी सेंडाय नावाच्या विषाणूच्या मदतीने दोघांच्या पेशी एकमेकींत मिसळल्या. अशी जोडपेशी बनते तेव्हा एकाच पेशीद्रवात दोन केंद्रके राहतात, दोन वेगवेगळ्या माणसांची. त्यावर अतिनील किरण सोडून कण मोजले. काही रुग्णांच्या जोडीत दोन्ही केंद्रकांवर निरोगी माणसाइतके कण उमटले होते. ज्या दोन पेशींना एकेकटीला काहीच जमत नव्हते, त्या एकत्र येताच दोघींचा डीएनए दुरुस्त करू लागल्या होत्या. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसावा आणि दोघांनी गाव गाठावे, तसे.

याचा अर्थ एकच निघतो. पहिल्या रुग्णाकडे एक प्रथिन नव्हते, दुसऱ्याकडे दुसरे. बाकीचे सगळे दोघांकडे होते. १९७२ मध्ये हा निष्कर्ष छापून आला, आणि मग जगभरातल्या रुग्णांच्या पेशी एकमेकींशी जुळवून पाहण्याचे चिकाटीचे काम सुरू झाले. त्यातून ‘ए’पासून ‘जी’पर्यंत सात गट निघाले. कापण्याच्या कामात किमान सात निरनिराळ्या जागा आहेत आणि प्रत्येक जागा रिकामी असलेली मुले या जगात जन्माला आली आहेत, हे त्या सात अक्षरांतून वाचायचे. प्रथिन एकही हाती आले नव्हते, पण त्यांची हजेरी मांडून झाली होती.

प्रथिने हाती आली ती आधी जिवाणूंची, आणि ती आणणारा माणूस तुर्कस्तानच्या आग्नेयेकडील सावुर या लहानशा गावचा. अझीझ सँजार यांच्या आईवडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, पण मुलांनी शिकावे हा त्यांचा हट्ट होता. इस्तंबूलमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेऊन सँजार यांनी आपल्या भागात डॉक्टरकी केली, मग रेणूंच्या ओढीने अमेरिकेत डॅलसला पोचले, ते थेट क्लॉड रुपर्ट यांच्याकडे. तिथे त्यांनी फोटोलायेजचे जनुक वेगळे केले. इतके करूनही पीएचडीनंतर संशोधनाच्या जागेसाठी केलेले तीन अर्ज नामंजूर झाले. १९७७ मध्ये येल विद्यापीठात डीन रप यांच्याकडे प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची नोकरी मिळाली. ती त्यांनी पत्करली, कारण रप यांच्याकडे युव्हीआर जनुकांवर काम चालू होते.

अडचण अशी की युव्हीआर प्रथिने पेशीत अगदी थोडी असतात. हजारो प्रथिनांच्या गर्दीतून ती ओळखायची कशी? सँजार यांनी जो उपाय काढला त्यात दुरुस्तीच्या अभावाचाच उपयोग करून घेतला आहे. दुरुस्ती करू न शकणारे जिवाणू घ्यायचे आणि हवे ते जनुक एका छोट्या वर्तुळाकार डीएनएवर, म्हणजे प्लास्मिडवर, चढवून त्यांच्यात घालायचे. मग अतिनील किरण सोडायचे. जिवाणूचे गुणसूत्र लांबलचक, त्यामुळे त्याला मार बसणारच. दुरुस्ती नसल्याने काही तासांत त्याचा चुरा होतो. प्लास्मिड इतके लहान की त्याच्या अनेक प्रतींना किरण लागतच नाहीत. आता पेशी नवी प्रथिने बनवते ती फक्त प्लास्मिडवरची. त्या वेळी किरणोत्सर्गी अमिनो आम्ल दिले की हवे ते प्रथिन तेवढे चमकते. ‘मॅक्सिसेल’ नावाची ही पद्धत १९७९ मध्ये छापून आली आणि पुढे अनेक प्रयोगशाळांनी उचलली. तिच्या जोरावर सँजार यांनी तिन्ही प्रथिने ओळखली, शुद्ध केली, आणि १९८३ मध्ये रप यांच्यासह ती एका परीक्षानळीत इजा झालेल्या डीएनएबरोबर एकत्र आणली.

एकेकट्या प्रथिनाने डीएनए कापला नाही. तिन्ही टाकताच इजेच्या दोन्ही बाजूंना काप पडला आणि बारा-तेरा अक्षरांचा तुकडा सुटला. तोवर सगळ्यांची समजूत होती की आधी एका बाजूला काप पडत असेल आणि मग साखळी कुरतडत नेली जात असेल. इथे मात्र तुकडा मोजूनमापून काढला जात होता. पुढे या तिघांची कामे सुटी करून पाहता आली. ‘ए’ डीएनएवरून फिरत बिघाड हेरते आणि ‘बी’ला तिथे आणून बसवते. ‘बी’ पक्के बसले की ‘ए’ निघून जाते. ते गेल्याशिवाय ‘सी’ला जागा होत नाही, ‘सी’ येते आणि दोन्हीकडे कापते. त्यानंतर तुकडा उचलणारे वेगळे, जागा भरणारे वेगळे, टोके जोडणारे वेगळे. हेरणाऱ्याकडे कापायचे हत्यार नसते, हे मला फार मोलाचे वाटते. लाखो अक्षरांच्या साखळीवर जो सतत फिरतो त्याच्याच हातात कात्री असती तर एखाद्या चुकीच्या संशयाने भलत्या जागी काप पडला असता. शोध, खातरजमा आणि काप या तीन पायऱ्या तीन जणांत वाटलेल्या असल्याने दोघांचे एकमत झाल्याशिवाय तिसरा येत नाही.

माणसातले दृश्य याहून गर्दीचे निघाले. रॉटरडॅमच्या सात अक्षरांमागची प्रथिने एकेक करून सापडत गेली. इजा हेरणारे वेगळे, साखळ्या उलगडणारे वेगळे, डाव्या बाजूला कापणारे वेगळे, उजव्या बाजूचे वेगळे. माणसात सुटणारा तुकडा सुमारे तीस अक्षरांचा. १९९३ मध्ये स्ट्रासबुर्गच्या ज्याँ-मार्क एग्ली यांच्या गटाला आणखी एक धक्का बसला: साखळ्या उलगडणारे प्रथिन हे जनुके वाचणाऱ्या नेहमीच्या यंत्रणेचाच एक भाग होते. वाचनाच्या कामावरची प्रथिने वेळ पडली की दुरुस्तीला येतात. त्यावरून काही रुग्णांत उन्हाच्या आजाराबरोबर वाढ खुंटणे, केस ठिसूळ होणे अशी लक्षणे का दिसतात, हे कोडे उलगडले. १९९५ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड वुड आणि सहकाऱ्यांनी शुद्ध केलेले सगळे घटक एकत्र आणून माणसाची ही दुरुस्ती परीक्षानळीत घडवली तेव्हा सुमारे तीस प्रथिन-साखळ्या मोजाव्या लागल्या. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल लिंडाल, सँजार आणि पॉल मॉड्रिच यांना मिळाले. मॉड्रिच यांनी नक्कल काढताना होणाऱ्या चुका सुधारणारा वेगळा संच उलगडला होता.

आतापर्यंतचे सगळे बिघाड एका साखळीतले. दोन्ही साखळ्या एकाच जागी तुटल्या तर समोर वाचायला काही उरत नाही. अशी तूट क्ष-किरणांनी होते, काही औषधांनी होते, आणि नक्कल काढताना पेशीत आपोआपही होते. ती न सांधताच पेशी विभागली तर गुणसूत्राचा तुकडाच हरवतो. १९९८ मध्ये अमेरिकेत विल्यम बॉनर यांच्या गटाला दिसले की अशी तूट झाली की काही मिनिटांत तिच्या आजूबाजूच्या एच-टू-एएक्स या हिस्टोन प्रथिनावर रासायनिक खूण उमटते. चमकणारे प्रतिपिंड लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर प्रत्येक तुटीच्या जागी एक ठिपका दिसतो. दुरुस्तीची प्रथिने त्याच ठिपक्यांवर येऊन गोळा होतात. आज तूट मोजायची तर जगभर हे ठिपकेच मोजतात.

तुटलेली टोके जोडण्याची एक वाट सरळ आहे: जी दोन टोके सापडतील ती पकडा आणि चिकटवा. या वाटेवरचे पहिले प्रथिन दुरुस्तीच्या अभ्यासातून आलेच नाही. जपानमध्ये त्सुनेयो मिमोरी १९८१ मध्ये रुग्णांच्या स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या प्रतिपिंडांचा अभ्यास करत होते. एका रुग्णाच्या रक्तातले प्रतिपिंड एका अनोळखी प्रथिनाला चिकटत होते. त्याला त्यांनी रुग्णाच्या नावातली पहिली दोन अक्षरे दिली: ‘कू’. ते डीएनएच्या टोकांना धरते, हे काही वर्षांनी कळले. २००१ मध्ये त्याची रचना दिसली: दोन भागांचे मिळून झालेले एक कडे, जे फक्त मोकळ्या टोकावरूनच डीएनएवर चढू शकते. कू टोक झाकते, मग इतरांना बोलावते, आणि शेवटी लायगेज-४ सांधा जोडते. ही वाट जलद आहे, पण जोडताना दोन-चार अक्षरे गळतात किंवा भर पडते.

दुसरी वाट अचूक आहे आणि तिला वेळ लागतो. नक्कल झाल्यावर पेशीत प्रत्येक गुणसूत्राची जुळी प्रत असते. तुटलेल्या टोकाची एक साखळी थोडी मोकळी करायची, तिने त्या जुळ्या प्रतीत शिरून नेमका तोच मजकूर शोधायचा आणि तिथून हरवलेला भाग उतरवून घ्यायचा. १९८३ मध्ये जॅक शॉस्टक, टेरी ऑर-वीव्हर, रॉडनी रॉथस्टाइन आणि फ्रँक स्टाल यांनी यीस्टवरच्या प्रयोगांवरून ही पद्धत मांडली. शोध घेणाऱ्या प्रथिनाला जिवाणूंत ‘रेक-ए’ म्हणतात. जॉन क्लार्क आणि अ‍ॅन डी मार्ग्युलिस यांच्या १९६५ मधल्या कामातून त्याचा माग लागला. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये बी. जे. राव यांच्या गटाने याच रेक-एच्या कामाचा अभ्यास केला. किरणोत्सर्गाने गुणसूत्रांच्या ठिकऱ्या उडाल्या तरी ती पुन्हा सांधणारा ‘डायनोकॉकस’ हा जिवाणू तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अभ्यासाला आहे, आणि हरी मिश्रा यांच्या गटाने तिथे त्याच्यातून डीएनएवर काम करणारा अनेक प्रथिनांचा एकत्र संच वेगळा काढला. माणसातल्या आणि यीस्टमधल्या शोधकाचे नाव रॅड-५१. जपानमधल्या शिनोहारा आणि ओगावा दांपत्याने १९९२ मध्ये यीस्टचे रॅड-५१ हे रेक-एचेच नातलग असल्याचे दाखवले.

आणि मग या शोधाची गाठ एका फार वेगळ्या शोधाशी पडली. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले की काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या स्तनांच्या कर्करोगाचे मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ मध्ये ‘ब्रॅका-१’ जनुक हाती आले, १९९५ मध्ये ‘ब्रॅका-२’. त्यांची प्रथिने अवाढव्य होती, ब्रॅका-२ तर ३,४१८ अमिनो आम्लांचे, आणि ती काय करतात याचा पत्ता नव्हता. १९९७ मध्ये बोस्टनमध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या गटाला ब्रॅका-१ आणि रॅड-५१ एकाच ठिकाणी दिसले. त्याच वर्षी श्याम शरण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ब्रॅका-२ थेट रॅड-५१ ला धरते आणि ते नसलेले उंदराचे गर्भ किरणोत्सर्गाला बळी पडतात. आई, मावशी, बहीण अशा एकाच घरातल्या बायका एकामागून एक आजारी पडण्यामागे डीएनएची तूट सांधणाऱ्या संचातली एक रिकामी जागा होती.

ब्रॅका-२ नेमके काय करते हे पाहायचे तर ते शुद्ध स्वरूपात हवे, आणि इतके मोठे प्रथिन कुणाला अखंड मिळेना. पंधरा वर्षे गेली. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचे दोन गट आणि लंडनजवळ स्टीफन वेस्ट यांचा गट, असे तिघेही जवळपास एकाच वेळी यशस्वी झाले. तुटलेल्या टोकाची मोकळी साखळी दिसताच आरपीए नावाचे प्रथिन तिला घट्ट लपेटून घेते, म्हणजे ती गुंतत नाही. पण त्याच लपेटण्यामुळे रॅड-५१ ला जागा मिळत नाही. ब्रॅका-२ रॅड-५१ चे रेणू गोळा करून आणते, आरपीए हटवून त्या जागी ते ओळीने बसवते आणि दुहेरी डीएनएवर त्यांना भरकटू देत नाही. शोध ते घेत नाही, कापत नाही, जोडतही नाही. शोधकाला योग्य जागी पोचवणे एवढेच त्याचे काम, आणि तेवढे न झाल्याने बायका मरतात.

या रिकाम्या जागेचा उपयोग करून घेणारे औषधही निघाले. पार्प नावाचे प्रथिन एकेरी तुटी सांधायला मदत करते. २००५ मध्ये अ‍ॅलन अ‍ॅशवर्थ आणि थॉमस हेलडे यांच्या गटांनी एकाच वेळी दाखवले की पार्प अडवले तर ब्रॅका नसलेल्या पेशी मरतात आणि निरोगी पेशी तगतात. न सांधलेल्या एकेरी तुटी नक्कल होताना दुहेरी होतात. निरोगी पेशी त्या अचूक वाटेने सांधते, कर्करोगाच्या पेशीकडे ती वाटच नसते. डिसेंबर २०१४ मध्ये ओलापारिब या औषधाला अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी परवानगी मिळाली. एका प्रथिनाच्या गैरहजेरीवर नेम धरून केलेला उपचार म्हणून त्याचे मोल मोठे आहे, आणि ज्या घरांत हा आजार वारशाने येतो तिथे त्याने वेळ मिळवून दिला आहे.

पण २००८ मध्येच अ‍ॅशवर्थ यांच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट दिसली होती. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींत ब्रॅका-२ जनुकातले एक अक्षर गळालेले होते आणि त्यापुढचा सगळा मजकूर बिघडला होता. या पेशी पार्प-रोधकात वाढवत ठेवल्या तेव्हा काही तगल्या. त्यांचे जनुक वाचून पाहिले तर गळलेल्या अक्षराभोवतीचा आणखी मोठा तुकडा उडाला होता, आणि तो अशा मापाने की पुढचा मजकूर पुन्हा सरळ वाचता येत होता. प्रथिन आखूड झाले होते, पण कामाला लागले होते. कापलेल्या टोकांपाशी ढिसाळ, चुका करणाऱ्या सांधणीच्या खुणा होत्या. अचूक वाट बंद झाल्याने पेशी ज्या आडवाटेने आपला डीएनए सांधत होती, तिनेच ब्रॅका-२ परत आणले होते.